गाठ काढल्यानंतरचे महिने

स्तनातली गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढायचा आणि बाकीचा स्तन राखायचा, या शस्त्रक्रियेला लम्पेक्टमी म्हणतात. बाई बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येते. भेटायला आलेल्या बायका 'थोडक्यात निभावलं' म्हणतात. पंधरवड्यात घराची घडी पूर्ववत बसते आणि त्यात तिची कामंही तिच्याकडे परत येतात. प्रत्यक्षात तोवर उपचाराचा पहिलाच टप्पा संपलेला असतो. गाठीचा तपासणी अहवाल यायचा असतो, रेडिएशन व्हायचं असतं, अनेकींची केमो बाकी असते आणि बऱ्याच जणींच्या पुढे गोळ्यांची पाच किंवा अधिक वर्षं असतात. ऑपरेशन लहान म्हणून सोबतही थोडी पुरेल, असं घरच्यांना वाटतं. अनेक रुग्णालयांनाही तसंच वाटतं. हा समज चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. याच वाटेने आधी गेलेली बाई या काळात जे देऊ शकते ते डॉक्टर किंवा नवरा देऊ शकत नाही. मात्र ते तिला शिकवावं लागतं, हेही पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवातून आणि संशोधनातून पुढे आलं आहे.

मुळात स्तन राखता येतो हेच वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी पद्धत रूढ केली तीत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढलं जाई. हात उचलता न येणं आणि तो आयुष्यभर सुजलेला राहणं हे त्यातल्या अनेक बायकांच्या वाट्याला येई. लंडनमध्ये जेफ्री केन्स हे १९२०च्या दशकापासून लहान शस्त्रक्रिया आणि रेडियम यांवर काम करत होते, पण बहुतेक सर्जनांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. प्रश्नाचा निकाल लागायला मोठ्या चाचण्या व्हाव्या लागल्या. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांवर अभ्यास केला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालच्या, १९७६मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,८५१ बायकांची माहिती तपासली गेली. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२मध्ये आले: स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. फिशर यांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती प्रत्येक रुग्णाला सांगायला हवी. फक्त गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात रोग परत आला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. ही जुन्या काळातली औषधं आणि जुनी यंत्रं असतानाची गोष्ट आहे, आज दोन्ही प्रमाणं खाली आली आहेत. पण गाठीचं ऑपरेशन आणि रेडिएशन ही जोडी आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं.

बाईने बाईला भेटायला जाण्याचा प्रघात मात्र या चाचण्यांच्या आधीचा आहे. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचा स्तन १९५२मध्ये काढला. हात कसा हलवायचा, काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. त्यातून त्यांनी 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं. पूर्वी तेच ऑपरेशन झालेली, नीटनेटकी, हिंडती-फिरती बाई वॉर्डात जाऊन नव्या रुग्णाला भेटे. सोबत व्यायामासाठी चेंडू आणि दोरी नेई, स्तनाच्या जागी ठेवायचं तात्पुरतं पॅड नेई. १९६९मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्याकडे घेतलं आणि ते पुढे अनेक देशांत गेलं. उपचारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा या भेटींचा कडक नियम होता. डॉक्टरांचा विश्वास मिळायला तो उपयोगी पडला, पण त्याची किंमतही होती. एवढं मोठं ऑपरेशन खरंच लागतं का, असं रुग्णाच्या मनात आलं तरी भेटायला आलेल्या बाईला तो विषय टाळावाच लागे.

तो प्रश्न दुसऱ्या एका रुग्णाने विचारला. पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४मध्ये गाठ लागली. त्या काळी बाईला भूल देत, तुकडा तपासत आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकत. झोपताना बाईला माहीत नसे की उठल्यावर स्तन असेल की नसेल. कुशनर यांनी आधी तपासणी, मग विचार, मग ऑपरेशन असा आग्रह धरला, त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं आणि १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने दोन टप्प्यांची पद्धत मान्य केली. त्या समितीत त्या रुग्णांच्या बाजूने बसल्या होत्या. मला लॅसर आणि कुशनर या दोघींची नावं एकत्र घ्यावीशी वाटतात. धीर देणारी आणि प्रश्न विचारायला शिकवणारी अशा दोन्ही प्रकारच्या मैत्रिणी रुग्णाला लागतात.

आता प्रत्यक्ष दिवस पाहू. गाठीच्या ऑपरेशनमध्ये स्तनाची जखम बहुधा लवकर भरते. त्रास जास्त होतो तो काखेचा. आजार काखेत गेला आहे का हे पाहण्यासाठी तिथल्या काही गाठी काढतात. पहिल्या एक-दोनच तपासायच्या असतील तर निळा रंग टोचतात आणि मग दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते. आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून जाते. काखेतून जाणारी एक नाजूक नस दुखावली तर दंडाची आतली बाजू बधिर होते. काखेचे केस काढताना किंवा ब्लाउज घालताना ते जाणवतं आणि काहींना कायमचं राहतं. अधूनमधून विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, महिनोन्‌महिने येते. हात वर नेताना काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी वाटते. व्यायामाने ती बहुतेकींची जाते. जखमेच्या जागी पाणी साठतं, ते एक-दोनदा सुईने काढावं लागतं. टाक्यांखाली एक टणक कड लागते आणि तिथे बोट गेलं की पोटात गोळा येतो: पुन्हा गाठ?

यातली एकेक गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ असते, म्हणून ती सांगायची राहते. ती कड स्वतःच्या छातीत लागलेली ताई समोर असली की ती म्हणते, 'मलाही लागली होती, डॉक्टरांना दाखव, त्यांनी बघितलं की तू झोपशील.' या वाक्यात धीर आहे आणि योग्य सल्लाही आहे. 'काही नाही गं, सगळ्यांनाच होतं' एवढंच म्हणणारी मैत्रीण बिनशिकलेली असते आणि तिच्यामुळे क्वचित खरी गाठही दुर्लक्षित राहू शकते.

पॅथॉलॉजीच्या अहवालाची वाट पाहणं हा त्या काळातला सगळ्यांत अवघड भाग असावा. काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. इंग्लंडमध्ये ५५ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाचातल्या एकीचं दुसरं ऑपरेशन झालेलं आढळलं. ते २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी कडेला पेशी लागलेल्या नसल्या की पुरे, असा नियम स्पष्ट केल्यावर असे दुसरे फेरे कमी झाले. तरीही ते होतात. ज्या बाईला आधी कळलेलं असतं की हे होऊ शकतं, त्यात डॉक्टर चुकलेले नसतात आणि आजार पसरलेला नसतो, तिला तो दुसरा फेरा सोसतो. हे आधी सांगण्याचं काम दुसरं ऑपरेशन झालेल्या बाईइतकं चांगलं कोण करेल?

मग रेडिएशन. खेड्यापाड्यातल्या बायका याला लाईट घेणं म्हणतात. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिलेलं रेडिएशन तेवढंच चालतं हे दाखवलं आणि २०२०मध्ये चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून एका आठवड्यात पाच वेळांची पद्धतही पुढे आली. आपल्याकडे या बदलाचा अर्थ पैशाच्या हिशेबाआधी मुक्कामाच्या हिशेबात कळतो. गडचिरोलीहून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा नंदुरबारहून मुंबईला आलेल्या बाईला सहा आठवडे घर सोडून राहणं शक्य नसतं. म्हणून कितीतरी घरांत निर्णय होतो, 'सगळंच काढून टाका, म्हणजे लाईट नको.' आजार कितीही वाढला असला तरी स्तन राखता येतो असं मुळीच नाही, पण ज्यांचा राखता आला असता त्यांतल्या अनेकींचा तो अंतरामुळे आणि भीतीमुळे जातो. शिवाय आजार काखेत बराच पसरला असेल तर स्तन काढल्यावरही लाईट घ्यावे लागतात, हेही त्या घरांत कुणी सांगितलेलं नसतं.

रेडिएशनच्या शेवटी त्वचा काळवंडते, स्तनाखालच्या घडीत सोलवटते. थकवा येतो. हा थकवा झोपेने जात नाही आणि बाहेरून दिसत नाही. सासूला, नवऱ्याला, ऑफिसातल्या साहेबांना तो पटवून देता येत नाही. इथे ऐकणारी बाई हवी.

हाताच्या सुजेबद्दल आपल्याकडे भीती फार आणि माहिती कमी आहे. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर सुमारे पाचातल्या एकीच्या हाताला सूज येते, एक-दोनच काढल्या तर विसातल्या एकीला. डॉक्टर कुठल्या प्रकारचं ऑपरेशन झालं ते सांगतात, पण घरी सगळ्यांना एकच तंबी मिळते: त्या हाताने काही उचलायचं नाही, कधीच नाही. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्या १४१ बायकांवर केलेल्या अभ्यासात हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. २०१६च्या दुसऱ्या अभ्यासात त्या हाताचं रक्त घेणं, रक्तदाब मोजणं, विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध सापडला नाही. तरी कापलं, भाजलं, जखम चिघळली तर दुर्लक्ष करायचं नाही, कारण जंतुसंसर्ग सुजेला खरोखर कारण होतो. म्हणजे विळीवर भाजी चिरताना जपायचं आणि पाण्याची बादली पहिल्या आठवड्यात नाही, पण काही महिन्यांनी सवयीने उचलायची. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम, वेणी घालण्याचा प्रयत्न, पीठ मळणं, पिळलेले कपडे दोरीवर टाकणं हे कधी सुरू करायचं हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात. पण आपल्याच स्वयंपाकघरासारख्या स्वयंपाकघरात ते केलेल्या बाईकडून कळलं की तो व्यायाम पाठ होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एकमेकींच्या आधाराचा खरोखर उपयोग होतो का? याबाबत १९८९मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास गाजला. रोग शरीरात पसरलेल्या ८६ बायकांपैकी ज्या दर आठवड्याला गटात जमत त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जगभर आशा पसरली. पुढे कॅनडात २३५ बायकांवर तीच पद्धत तपासली गेली आणि २००१मध्ये निष्कर्ष आला: आयुष्य वाढलं नाही, मात्र मनःस्थिती सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या त्यांना लाभ अधिक झाला. २००७मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. याने काही जण निराश झाले. मला यात निराशेचं कारण दिसत नाही. 'मनाने हरली म्हणून गेली' किंवा 'सकारात्मक राहिली म्हणून वाचली' असं बोलणारे आपल्याभोवती पुष्कळ आहेत. या बोलण्याने आजारी बाईवर दुसरा आजार लादला जातो: आजाराचा दोष तिच्याच मनावर येतो. आधाराचा उपयोग आयुष्याच्या लांबीशी जोडायचा नाही, हे या अभ्यासांनी स्पष्ट केलं हे फार चांगलं झालं.

त्याहूनही मोलाचा मला व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांचा १९९९चा अभ्यास वाटतो, कारण त्यात लवकरच्या टप्प्यातल्या ३१२ बायका होत्या, म्हणजे लम्पेक्टमीशी जवळचा प्रश्न होता. काही गटांत माहिती दिली जाई, काहींत बायका नुसत्या एकमेकींशी बोलत. माहितीच्या गटांना स्पष्ट फायदा झाला. नुसत्या बोलण्याच्या गटांना एकूण फायदा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांना घरी जोडीदाराचा आधार कमी होता त्यांना त्या बोलण्याचा उपयोग झाला आणि ज्यांना घरी भरपूर आधार होता त्यांना काही बाबतींत नुकसानही झालं. २०१०मध्ये ७८ बायकांवर केलेल्या एका लहान अभ्यासात, इंटरनेटवर कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय चाललेल्या आधारगटातल्या बायकांची मनःस्थिती नुसती माहिती मिळालेल्या बायकांपेक्षा काहीशी खालावली, जरी त्यांना ते बोलणं आवडलं होतं. आज शेकडो जणी व्हॉट्सॲपवर एकमेकींचे अहवाल, औषधं आणि घरगुती उपाय पाठवतात, तेव्हा हे आठवतं. गटात रोज कुणाचं तरी वाईट कळतं आणि कुणाची तरी हळद-गोमूत्राची कृती फिरते. तिथे एक जाणती बाई लागते, जी 'हे डॉक्टरांना विचार' म्हणू शकेल आणि रात्री अकराला आलेल्या घाबऱ्या संदेशाला सकाळी न विसरता फोन करेल.

महाराष्ट्रात या कामाला जागा आहे आणि वारसाही आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं. तिथे येणाऱ्या कुटुंबांना निवारा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे कुणी आखणी न करता एकमेकींचा आधार तयार होतो. लाईट घेऊन आलेली बाई नव्या आलेल्या बाईला सांगते, कुठल्या खिडकीत कुठला कागद लागतो, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं काम कुठे होतं, त्वचा सोलवटली की सैल सुती ब्लाउज कसा घालायचा. व्ही केअर ही संस्था कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४मध्ये सुरू केली. रूबी अहलुवालिया या रेल्वे सेवेतल्या अधिकारी स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेल्या आणि त्यांनी 'संजीवनी लाइफ बियाँड कॅन्सर' उभी केली. पुण्यात 'आस्था' हा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा आधारगट आहे. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाल्याचा अंदाज आहे. त्या आकड्यापुढे हे प्रयत्न थोडे आहेत, शहरांत एकवटलेले आहेत.

शिवाय आपल्या प्रश्नांचं स्वरूप परदेशी पुस्तकांपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे रुग्ण सरासरीने तरुण असतात. चाळिशीतल्या बाईच्या घरी शाळेत जाणारी मुलं असतात, कुणाच्या लग्नाच्या मुली असतात. आजार आनुवंशिक आहे असं लोक समजतील म्हणून घरचे तो लपवतात, जरी एकूण रुग्णांपैकी पाच ते दहा टक्क्यांतच तो वारशाने आलेला असतो. ऑपरेशन झालेल्या बाजूचा स्तन थोडा लहान, थोडा कडक होतो. नवरा हात लावायला घाबरतो, बाई त्याचा अर्थ वेगळा घेते आणि दोघंही बोलत नाहीत. केमोने पाळी जाते, टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांनी अंगातून वाफा निघतात, योनी कोरडी पडते. हे मराठीत कुणासमोर बोलायचं? आईसमोर नाही, सासूसमोर नाही, पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. या सगळ्यातून गेलेल्या आणि पुन्हा संसारात रमलेल्या बाईसमोर ते बोललं जातं, आणि 'यावर इलाज आहे, डॉक्टरांना असं असं विचार' हे ऐकल्यावर रुग्ण पुढच्या वेळी विचारतेही.

अशा सोबतिणीची निवड महत्त्वाची. लम्पेक्टमी झालेल्या बाईकडे लम्पेक्टमी झालेलीच यावी. स्तन गेलेली बाई आली तर नव्या रुग्णाला 'माझं त्यामानाने काहीच नाही' असं वाटतं आणि तिची स्वतःची भीती तोंडाबाहेर येत नाही. वय जवळचं असावं, बोली समजणारी असावी. जळगावच्या बाईला अहिराणीत आणि अमरावतीच्या बाईला वऱ्हाडीत बोलणारी सोबतीण मिळाली तर तिला पहिल्या पाच मिनिटांत जे सांगता येईल ते प्रमाण मराठीत तासभरातही येणार नाही. सोबतिणीचे स्वतःचे उपचार संपून काही काळ गेलेला असावा. तिला काही दिवसांचं शिक्षण हवं: आजाराची प्राथमिक माहिती, ऐकायचं कसं, कधी थांबायचं, कुठली लक्षणं ऐकली की लगेच नर्सला कळवायचं, आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर काय करायचं. आणि तिच्याही मागे कुणीतरी हवं. भेटलेल्या बाईचा आजार परत आला की सोबतिणीची जुनी भीती जागी होते. दर महिन्याला समुपदेशकासोबत तिचं बसणं व्हायला हवं.

भेटीची वेळही एकच नसावी. ऑपरेशनआधी एकदा, निर्णय अजून व्हायचा असताना. अहवाल येण्याच्या सुमारास एकदा. लाईटच्या शेवटच्या आठवड्यात एकदा. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी वेळ म्हणजे उपचार संपल्यानंतरची. तोवर रोज कुणीतरी तपासत असतं. मग अचानक तीन ते सहा महिन्यांनी या, असं सांगतात. पहिली तीन वर्षं साधारण हेच अंतर असतं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. घरच्यांना वाटतं संपलं, बाईला वाटतं आता कुणी लक्ष ठेवत नाही. पहिल्या मॅमोग्राफीच्या आधीच्या आठवड्यात किती जणी झोपत नाहीत हे त्यांच्या नवऱ्यांनाही माहीत नसतं. त्या आठवड्यात एक फोन आणि त्या दिवशी रांगेत शेजारी बसायला एक ओळखीची बाई, एवढी व्यवस्था कुठल्याही जिल्हा रुग्णालयात होऊ शकते.

त्यासाठी लागणारा पैसा फार नाही, पण तो लागतो. आज ही कामं करणाऱ्या बहुतेक जणी विनामूल्य करतात, त्यामुळे ज्यांना घरून बसभाडं मिळतं त्याच करू शकतात. शेतमजुरी करणारी, धुणीभांडी करणारी बाई बरी होते तेव्हा तिच्याच वस्तीतल्या पुढच्या रुग्णाला तिचाच आधार लागणार असतो, पण एक दिवसाची मजुरी बुडवून ती वॉर्डात कशी येणार? तिला प्रवासखर्च आणि दिवसाचं मानधन, आशा सेविकांना मिळतं तसं, सरकारी योजनेतून मिळालं पाहिजे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा खर्च योजना देते, आणि त्यानंतरच्या महिन्यांतली ही सोबतही त्याच उपचाराचा भाग म्हणून त्याच यादीत यायला हवी.